चौथी घागर

माझ्या फोनात माणसांचे फोटो कमी आणि ब्लाउजांच्या पाठींचे जास्त. जळगावला पिंप्राळ्यात माझं शिवणाचं दुकान आहे. बाया येतात, गळा कसा हवा ते सांगतात, शिवून झालं की मी फोटो काढून ठेवते. एवढीच माझी फोटोग्राफी. तरी अक्काने घराचे फोटो काढायला मलाच सांगितलं. तिचा स्वतःचा मुलगा हितेंद्र, त्याच्याकडे माझ्या दुप्पट किमतीचा फोन. पण नाही. "हितेंद्र गोड बोलस," अक्का म्हणाली. "कोकी, तू खरं बोलस. तू जाय."

आता हे कौतुक की टोमणा, देव जाणे. मी कोकिळा, पण नावाप्रमाणे गोड गळा काही आला नाही. फटकळ म्हणूनच सगळ्या गोतावळ्यात माझी ओळख. अक्का माझी सख्खी मावशी. नाव सुनंदाबाई, पण भडगावात अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणत आले. तिचं बोलणं आयुष्यभर अहिराणीच राहिलं. मी शहरात राहून अर्धी शहरी झाले, त्यावरून ती मला कायम चिडवायची.

गेल्या दिवाळीत ती मोरीत पाय घसरून पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, सळई बसली, आणि हितेंद्र तिला धुळ्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटीने राहायचं नाव काढू नका. मग भडगावचं घर ठेवून करायचं काय? गावातल्याच एका सिमेंटच्या व्यापाऱ्याने मागितलं. तो पाडून गाळे काढणार होता. हितेंद्रने महिनाभर आईपुढे विषय काढला नाही, भीत होता. शेवटी मीच काढला. अक्का बराच वेळ वॉकरच्या दांड्याचं रबर नखाने कुरतडत बसली, मग म्हणाली की अंगठा देते, पण दोन गोष्टी करा. यंदाची आखाजी त्याच घरात करायची. आणि घर रिकामं झालं की एकेका खोलीचा फोटो काढून आणायचा, घागरींचासुद्धा.

"रिकाम्या खोल्यांचे फोटो कशाला गं अक्का? भिंतीच त्या," मी म्हटलं.

"रिकाम्या घरात उनथू मी," ती म्हणाली. "रिकामंच दखसू." म्हणजे रिकाम्या घरात आले होते, रिकामंच बघेन.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पुण्या-मुंबईकडे त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात घागरी भरतात. घरातलं जे माणूस गेलं असेल, त्याच्या नावाची नवी मातीची घागर आणायची, पाण्याने भरायची, गळ्याला दोरा बांधायचा, कुंकू लावायचं. तोंडावर लहानशी लोटी आणि लोटीवर डांगर ठेवायचं. डांगर म्हणजे खरबूज. सोबत सांजोरी, आंबा. मग त्या माणसाचं नाव घेऊन म्हणायचं, ये बाबा, पाणी पी, जेव. ऊन इतकं असतं की मेलेल्यालाही तहान लागत असेल असं वाटतंच.

अक्का दर आखाजीला तीन घागरी भरायची. सासऱ्यांची, सासूबाईंची आणि नवऱ्याची, म्हणजे झुलालआबांची. चौथी ती कधी भरत नव्हती, आणि सगळं दुखणं त्या चौथ्या घागरीचंच होतं.

हेमराज तिचा धाकटा मुलगा. माझ्यापेक्षा बराच लहान. डांगरासाठी जीव टाकायचा. घागरीवरचं डांगर संध्याकाळी कापायचे तेव्हा पहिली फोड त्याची, नाहीतर तमाशा. दहावीनंतर शिकायला मन लागेना म्हणून सुरतला गेला, साड्यांच्या कारखान्यात. गल्लीतली चार पोरं गेली होती, त्यांच्यासोबत. रतिलालशेठच्या किराणा दुकानात फोन होता, त्यावर महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन यायचा आणि अक्का पिठाचे हात तसेच घेऊन धावायची. मग त्याने कारखाना बदलला. मग खोली बदलली. मग एका आखाजीला तो आला नाही, आणि फोनही आला नाही.

आबा कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर होते. ते रजा काढून दोनदा सुरतेला गेले. हितेंद्र गेला. पोलिसांत फोटो दिला. कोणी म्हणालं नवसारीत दिसला, कोणी म्हणालं ट्रकवर क्लीनर आहे, कोणी म्हणालं दाढी वाढवून एका मठात बसलाय. बोलणाऱ्याचं काय जातं हो? अक्का प्रत्येक वेळी भाकरी बांधून आबांना गाडीत बसवायची. आबा प्रत्येक वेळी एकटे परत यायचे. बावीस वर्षं झाली त्याला.

त्या बावीस वर्षांत माझ्या या मावशीने काय केलं, तर घर धरून बसली. त्याला ठाऊक होतं ते एवढंच घर, म्हणून. घराचा मातीचा धाबा काढून स्लॅब टाकला तेव्हा गवंड्याच्या उरावर बसून दार होतं तिथेच ठेवून घेतलं. दाराचा रंग हिरवा होता, तर दर दिवाळीला हिरवाच. हितेंद्रने एकदा हौसेने चॉकलेटी रंग आणला, तो डबा तिने शेजाऱ्याच्या म्हशीच्या गोठ्याला देऊन टाकला. नातीच्या बारशाला धुळ्याला आली, तर पाळण्याची दोरी सोडून संध्याकाळच्या एसटीला उभी. रात्र म्हणून कुठे काढली नाही. आणि दाराला कुलूप कधीच नाही. शेतात जा, बाजारात जा, कोणाच्या मयताला जा, नुसती कडी. "तो उना आनि कुलूप दखी परत गया तर?" तो आला आणि कुलूप बघून परत गेला तर, म्हणायची. चोरायला होतं तरी काय म्हणा, पत्र्याची पेटी आणि बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, डबे.

रतिलालशेठने सगळ्यांसारखा मोबाइल घेतला आणि दुकानातला जुना फोन बंद केला, तर अक्काने त्यांच्याकडून साखर आणणंच बंद केलं. भडगाव सुटेपर्यंत बोलली नाही त्यांच्याशी. बिचारे मला म्हणायचे, "कोकिळाताई, माझं काय चुकलं?" मी म्हणायचे, "शेठ, तुमचं काही चुकलं नाही, पण तिचंही काही चुकलं नाही."

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंद जमले. बारा वर्षं पत्ता नाही तर माणूस गेला असं धरतात, दर्भाचा पुतळा करून सगळं उरकतात. आबा तोवर खचले होते. त्या आखाजीला त्यांनी कोणाला न सांगता बाजारातून हेमराजच्या नावाची घागर आणली, भरली आणि आपल्या आईवडिलांच्या दोघींच्या शेजारी ठेवली. मी तेव्हा तिथेच होते. अक्का सैपाकघरात आली. तिने ती भरलेली घागर उचलली, परसात नेली, पाणी लिंबाच्या झाडाला ओतलं आणि घागर दगडावर आपटली. "जित्ता माणूसनी घागर भरतस का?" एवढंच ओरडली. आबा जेवले नाहीत त्या दिवशी. त्यानंतर त्या घागरीचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि दोन-तीन वर्षांत स्वतःच तिसरी घागर होऊन बसले.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी मी भडगावला पोचले तेव्हा घर निम्मं रिकामं झालेलं होतं. हितेंद्र आणि त्याची बायको डिंपल टेम्पो भरत होते. डिंपल वाईट नाही हो, पण घाईची. जे हाताला लागेल ते गोणीत. मी म्हटलं, "अगं, निदान बघून तरी भर." तर म्हणाली, "ताई, बघत बसले तर भरूच शकणार नाही." हे मात्र तिचं खरं होतं.

ऊन तर असं की गिरणेच्या पात्रातली वाळू पूल ओलांडताना डोळ्यात खुपत होती. माठ टेम्पोत गेलेला, नळाला पाणी संध्याकाळी. म्हणून मी कुंभाराकडे गेले. हितेंद्रने तीन घागरी सांगून ठेवल्या होत्या, त्या उचलल्या, आणि आम्हाला प्यायला पाणी हवं म्हणून एक जास्तीची घेतली. शेजारून पाणी आणून ती भरली आणि सैपाकघरात देवळीखालच्या कोपऱ्यात ठेवली. घरात तेवढाच एक कोपरा गार. मेलं, त्या वेळी डोक्यात आलंच नाही, की दरवर्षी पितरांच्या घागरी उभ्या राहतात तो हाच कोपरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाजी केली. गॅस गेलेला, म्हणून डिंपलने पुरण धुळ्याहूनच करून आणलं होतं. दोन विटांवर गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला. हितेंद्रने घागरी भरल्या, नावं घेतली, बाजारातून आणलेली डांगरं ठेवली. आई नाही म्हणून त्याला काही सुचत नव्हतं. सारखं विचारत होता, ताई हे बरोबर ना, ताई ते बरोबर ना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुझे आजोबा आहेत ते, परीक्षा नाही घेणार." आम्ही तिघं फरशीवर बसून जेवलो, आवाज घुमत होता. मग टेम्पो गेला आणि मी फोन काढला.

खोलीचा फोटो काढणं ब्लाउजाइतकं सोपं नाही. रिकामी खोली फोटोत लहान दिसते. इथे चार माणसं झोपायची हे त्यात येतच नाही.

बाहेरच्या खोलीत आबांची खाट असायची. ते भिंतीला टेकून बसायचे, तिथे डोक्याच्या तेलाचा डाग होता, गोल, पिवळट. बाकी भिंत दोनदा रंगवली, पण डाग वर यायचाच. त्याचा जवळून फोटो काढला. मधल्या खोलीत कपाटामागचा रंग वेगळा निघाला, जुना निळा. आणि वर स्लॅबला लोखंडी कडी. झोक्याची. आखाजीला माहेरवाशिणी झोके घेतात, माझी आई गेल्यावर मी इथेच यायचे. स्लॅब टाकताना गवंडी म्हणाला होता, आता कशाला कडी, तर अक्का म्हणाली, कोकी येईल तर कुठे बसेल. धाब्याचं घर होतं तेव्हा मला झोका द्यायला हेमराज असायचा. इतका उंच द्यायचा की मी शिव्या घालायचे. कडीचा फोटो काढताना मला रडू आलं, फोटो हलला, परत काढावा लागला.

सैपाकघरात चुलीवरची भिंत काळी. अक्का उन्हाळाभर बिबडे करायची, ज्वारीच्या चिकाचे. मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गच्चीवर ओल्या कापडावर थापायची. जळगाव-धुळ्याच्या किती लग्नांतल्या रुखवतात तिचे बिबडे गेलेत, तिलाच माहीत नाही. गच्चीवर अजून त्या चिकाचे पांढरे डाग होते. भर उन्हात अनवाणी जाऊन मी तेही काढले, तळपाय भाजले. मग देवळीखालच्या घागरींचा फोटो घेतला, बाहेर आले, हिरव्या दाराचा घेतला. हितेंद्रने नेहमीसारखी कडी घातली आणि आम्ही गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापाऱ्याला ताबा द्यायचा होता.

पारोळ्याच्या अलीकडे मी फोटो बघायला काढले. आणि घागरींच्या फोटोवर माझं बोट थांबलं. चार घागरी. चौघींच्या गळ्यात दोरा, चौघींना कुंकवाची बोटं. डांगर फक्त तिघींवर.

"डिंपल," मी म्हटलं, "हे काय केलंस? चौथीला कुंकू कोणी लावलं?"

"मीच. कोपऱ्यात चार होत्या, चौघींना दोरा बांधला, कुंकू लावलं."

"अगं बाई! ती पिण्याच्या पाण्याची होती! तुला काय एवढं कळत नाही?"

"मग तुम्ही ती तिथे ठेवली कशाला?" ती रडकुंडीला आली. "मला वाटलं, ह्यांनीच भावाची भरली असेल. मला वाटलं, एकदाचं ठरलं असेल."

हितेंद्रने गाडी बाजूला घेतली. त्याने फोन हातात घेऊन पाहिलं आणि चेहरा पांढरा पडला. आई हे बघेल तर तिला वाटणार की आईला लांब ठेवून, तिच्या पाठीमागे, तिच्याच घरात आम्ही तिचा मुलगा मारला. आबांनी भरलेली घागर तिने फोडली होती. आता फोडायला तिला पायही नव्हते. "ताई, उडव हा फोटो," तो म्हणाला. मी म्हटलं, "घागरींचा फोटो ती पहिला मागेल." मग मला युक्ती सुचली. ब्लाउजाच्या फोटोत बाईचा चेहरा नको असतो, तो मी कापते. तसं केलं. चौथी घागर फोटोतून कापून टाकली. तीन घागरी, तीन डांगरं, छान दिसत होतं. खरं बोलणारी म्हणून मला पाठवलं होतं, आणि मी हे केलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना.

धुळ्याला अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पाणीसुद्धा विचारलं नाही, हात पुढे केला. मी शेजारी बसून एकेक दाखवत गेले. तेलाच्या डागावर तिने बोट ठेवलं, आबांच्या डोक्यावर ठेवावं तसं. झोक्याची कडी पाहून म्हणाली, "तुनं वजन पेललं तिनं, मजबूत शे." गच्चीचे डाग पाहून हसली. मग म्हणाली, "घागरी?"

मी कापलेला फोटो काढला. तिने पाहिला, मान हलवली. माझ्या जिवात जीव आला. आणि मग तिने, मी आत्ताच करत होते तसं, पुढचा फोटो बघायला बोट सरकवलं. मला कुठे माहीत, की कापला तरी मूळ फोटो तसाच शेजारी राहतो म्हणून! मेला तो फोन.

अक्का पुढे गेली, मागे आली. परत पुढे गेली. "आठे तीन शेतस," ती म्हणाली. "आठे चार." इथे तीन, इथे चार.

हितेंद्र दारात उभा होता, तो आत येईना. डिंपल सैपाकघरात शिरली. मला वाटलं, आता फोन भिंतीवर जाणार. जाऊ दे. मी म्हटलं, "अक्का, चौथी पिण्याच्या पाण्याची आहे. मी आणली, मीच तिथे ठेवली. डिंपलने चुकून कुंकू लावलं. आणि फोटो कापला तो मीच, तुला दिसू नये म्हणून. कोणी काही ठरवलेलं नाही गं. तुझ्या गळ्याची शपथ."

"माले समजस," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मनी शपथ कशाले घेस?"

फोन तिच्या मांडीवर तसाच होता. तिने तो उचलून डोळ्यांजवळ नेला. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी ओरडत आली आणि ओरडत गेली. हितेंद्र शेवटी येऊन तिच्या पायाशी बसला. "आई, पुसून टाकतो मी ते. जाऊन ओतून देतो पाणी."

"दोरा बांधा ना?" अक्काने विचारलं. "कुंकू लावं ना? पानी भरेल शे ना?"

"हो."

"मग ती घागर भरेल शे. भरेल घागर ओतू नही." तिचं बोट त्या चौथ्या घागरीच्या उघड्या तोंडावर फिरत होतं. "बठ्ठास्ले डांगर दिधं. मना पोऱ्याले उपाशीच ठेवं."

सगळ्यांना डांगर, आणि तिच्या पोरालाच नाही. हितेंद्र आईच्या गुडघ्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला, पन्नाशीचा गडी. ती त्याच्या डोक्यावर थोपटत होती, पण बघत होती फोनाकडेच.

"उद्या सकाळे जाय," ती म्हणाली. "डांगर ठी ये. गोड पाही ले, नाक लाई."

"पण आखाजी तर आज ना, आई?"

"पितर काय घड्याळ दखतस का?" ती म्हणाली. पितर. तिच्या तोंडून हेमराजसाठी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "आनि येतांना दाराले कुलूप लाई ये."

सकाळी मी आणि हितेंद्र परत भडगावला गेलो. डांगर त्याने पारोळ्याच्या बाजारात घेतलं, नाक लावून, गाडीवाला म्हणेपर्यंत की भाऊ, लग्न जुळवताय का. घराची कडी काढून आत गेलो. घागरी तशाच होत्या, मातीच्या असल्याने खाली फरशीवर ओल उतरली होती. चौथीवर लोटी नव्हती; मी आबांच्या घागरीची लोटी काढून तिच्यावर ठेवली. बाप आहे, चालवून घेईल. हितेंद्रने वर डांगर ठेवलं. सांजोरी ठेवली. मग नाव घ्यायचं होतं, ते त्याच्याने निघेना. तोंड उघडायचा आणि बंद करायचा. शेवटी म्हणाला, "हेमराज, ये रे. पाणी पी." रिकाम्या घरात ते तिन्ही खोल्यांत ऐकू गेलं. मी भिंत धरली.

फोटो काढला. चार घागरी, चार डांगरं. कापला नाही.

कुलूप घरात नव्हतंच, कधी नव्हतं. हितेंद्र समोर रतिलालशेठकडे गेला. आता दुकान त्यांचा नातू बघतो, पण शेठ आत खाटेवर होते. "कोणत्या दाराला?" त्यांनी विचारलं. हितेंद्रने आमच्या दाराकडे बोट केलं. शेठ उठून बसले, एवढंच नाही, काठी टेकत ओट्यापर्यंत आले. हितेंद्रने कडी घातली, कुलूप अडकवलं आणि दाबलं. खट्ट आवाज आला. शेठनी डोक्यावरची टोपी काढली. मी हिरव्या दाराचा शेवटचा फोटो काढला.

कुलपासोबत दोन चाव्या होत्या. दुपारी व्यापाऱ्याला एक दिली. तो म्हणाला, दुसरीही द्या, तर मी म्हटलं, "तुम्ही तर भिंतच पाडणार आहात, तुम्हाला दोन कशाला?" भांडायला तो तयार नव्हता.

धुळ्याला आलो तेव्हा अक्का त्याच खुर्चीत होती. तिने घागरींचा फोटो पाहिला, डांगर मोठं आहे का ते विचारलं. मग दाराचा. कुलूप नीट दिसावं म्हणून मला तो मोठा करायला लावला. मी चावी तिच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकात बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

आणि मग तिने गळा काढला. बावीस वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आबा गेले तेव्हाही नाही, तेव्हा ती दाराकडे बघत बसली होती. आता ती अशी रडली की जणू घरात आत्ताच मयत झालंय. "मना हेमराज रे, मना राजा रे," नाव घेऊन घेऊन, छाती बडवत, गावाकडच्या बाया रडतात तशी. फ्लॅटमधली शेजारीण धावत आली आणि दारातून विचारू लागली, कोण गेलं, कधी गेलं. डिंपल तिला आत घेऊन आली, खुर्ची दिली आणि म्हणाली, "माझे दीर गेले."